चाचणी सुरू आहे

“एक सांगू? रागावणार नाहीस ना?” नवऱ्याने विचारलं, तेव्हा मला वाटलं, हा पुन्हा कुठेतरी माझी छत्री विसरून आला. मी स्वयंपाकघरात फ्रिजचं दार पाठीने टेकून लावत होते. हातात सुई नसलेली बारीक सिरिंज होती आणि सकाळचं औषध मी नुकतंच जिभेवर सोडलं होतं. तो टोस्टला लोणी लावत होता, अगदी कडेपर्यंत, एकही कोपरा न सोडता, जसं तो सगळंच करतो. “हे तू आत्ता घेतलंस ना, ते पाणी आहे,” तो म्हणाला. “नुसतं पाणी. गेले कितीतरी रविवार मी त्यात गोळी घातलेलीच नाही.” आणि त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. चेहरा इतका उजळलेला, की आता टाळी मागेल असं वाटलं. तोंडातला घोट मी अजून गिळला नव्हता. बेसिनमध्ये थुंकावा की गिळावा, हेच मला सुचेना. पाणीच होतं, थुंकलं काय आणि गिळलं काय. मी गिळला आणि सिरिंज नेहमीसारखी नळाखाली धुऊन उभी करून ठेवली.

माझं दुखणं आणि माझं औषध लोकांना समजावून सांगून माझं तोंड दुखलं आहे. मला थकव्याचा आजार आहे. नावच इतकं दळभद्री, की ऐकणारा लगेच सुस्कारा टाकून म्हणतो, अहो, थकवा आजकाल कुणाला नाही. मोडलेल्या पायाला कुणी म्हणत नाही, हो का, माझाही मधूनमधून मोडतो. सुरुवात साध्या तापाने झाली. ताप गेला आणि मी काही परत आले नाही. केस धुतले की हात खांद्यातून निखळल्यासारखे व्हायचे. कुणी लांबलचक बोलायला लागलं की वाक्याच्या शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात हरवायची. आणि या आजाराचा खरा पाजीपणा असा, की तो लगेच काही करत नाही. आज बाजारात जाऊन आलं तर आज काहीच होत नाही, उलट हुरूप येतो. परवा होतं. परवा पापण्यांनासुद्धा वजन येतं, खिडकीतला उजेड कानात वाजायला लागतो, आणि तोवर त्या बाजाराची कुणाला आठवणही राहिलेली नसते. रक्त तपासलं, मेंदूचे फोटो काढले, सगळं उत्तम निघालं. सगळं उत्तम असलेल्या बाईला शेवटी जिथे पाठवतात तिथे मला पाठवण्यात आलं, मनाच्या डॉक्टरांकडे. आई फोनवर आवाज उतरवून म्हणाली, डोक्याच्या डॉक्टरांकडे जातेस हे तुझ्या सासरी कळलं आहे का. तिच्या घरात तेव्हा तिच्याशिवाय कुणी नव्हतं, तरी ती कुजबुजत होती.

ते डॉक्टर म्हातारे होते आणि त्यांनी मला माझ्या लहानपणाबद्दल काही विचारलं नाही, एवढ्यावरच मी त्यांच्यावर खूश झाले. त्यांनी एक गोळी लिहून दिली. पूर्ण मात्रेत ती नसलेले आवाज ऐकू येणाऱ्यांना देतात. मला त्यांनी तिचा फक्त कण दिला. तुम्हाला वेड लागलंय म्हणून हे देत नाही, ते म्हणाले, एवढ्याशा मात्रेत ते काहींना तुमच्या दुखण्यात लागू पडतं, का पडतं ते मला माहीत नाही. डॉक्टरच्या तोंडून ‘माहीत नाही’ मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं आणि त्यांच्या टेबलावर डोकं ठेवून रडले. पण तो कण दुकानात मिळत नव्हता. सगळ्यात लहान गोळीसुद्धा माझ्या मात्रेच्या कितीतरी पट मोठी. तेव्हा गोळी पाण्यात विरघळवायची, ते पाणी तपकिरी बाटलीत भरून फ्रिजमध्ये ठेवायचं आणि रोज सकाळी सिरिंजने थोडंसं तोंडात सोडायचं, असं ठरलं. सुरुवातीला माझे हात थरथरायचे म्हणून ते काम नवऱ्याने घेतलं. दर रविवारी नाश्ता झाला की तो टेबल पुसायचा, चष्मा बदलायचा, पाणी मोजून घ्यायचा, गोळी कुस्करायचा, बाटली उजेडात धरून तळाशी काही राहिलं का ते पाहायचा आणि चिठ्ठी लिहून चिकटवायचा. मी शेजारी बसून संत्रं सोलून द्यायचे. आम्ही तेव्हा फारसं बोलायचो नाही. आमच्यात लाडीगोडी कधीच नव्हती, पण लग्नाचा काही उपयोग असतो असं मला ज्या वेळी वाटायचं, ती वेळ ही. रविवारची. त्या टेबलाशी, त्याच हातांनी, माझ्या देखत त्याने आधी कुस्करलेल्या गोळीच्या जागी नंतर काय कुस्करलं कोण जाणे. मी विचारलं. साखर, तो म्हणाला. किंचित साखर, म्हणजे तुला दिसायला तसंच दिसावं.

औषधाने मला काय दिलं, तेही सांगायला हवं, नाहीतर लोकांना वाटेल मी नाचत होते. त्याने मला माझा पाव हिस्सा परत दिला. पाव. पण पडून राहिलेल्या माणसाला पाव म्हणजे काय असतं ते उभ्या माणसाला कळायचं नाही. मी पुन्हा कामावर जायला लागले. मी कवळ्या बनवते. दातांचे डॉक्टर हिरड्यांचे ठसे पाठवतात, त्यावरून आम्ही प्लॅस्टरचे साचे काढतो, उघडझाप करणाऱ्या लोखंडी जबड्यात ते बसवतो, मग मेणात एकेक दात रोवायचा. तोंड मिटलं की वरचा आणि खालचा दात कुठे भेटतो, हे बोटांना कळावं लागतं. डोळ्यांना तर त्याहून जास्त. पांढरा नावाचा रंग दातांत नसतोच. पिवळसर, करडा, किंचित निळा, चहा पिणाऱ्याचा, सिगारेट सोडलेल्याचा. रंगांच्या नमुन्यांची पट्टी खिडकीपाशी धरून मी तो ओळखायचे, आणि माझ्या हाताखालचं काम सहसा परत यायचं नाही. आजाराच्या पहिल्या वर्षांत लॅबमधलं माझं टेबल दुसरीला दिलं होतं. औषध सुरू झाल्यावर मालकांनी मला पुन्हा बोलावलं, ते टेबल झाडून, पुसून. ते एवढंच म्हणाले की या वेळी राहा. मग वर्षं गेली आणि औषधाचा जोर ओसरल्यासारखा वाटायला लागला. वाटायला लागला, एवढंच म्हणता येतं. म्हातारे डॉक्टर निवृत्त झाले, त्यांच्या जागी एक तरुण डॉक्टरीण आली, नीटनेटकी, मोजकं बोलणारी. गेल्या खेपेला नवराही बरोबर होता. ती म्हणाली की इतक्या वर्षांनी या औषधाचा उपयोग टिकतो का, हे कुणीच नीट अभ्यासलेलं नाही, तेव्हा आपण ते थांबवून बघू या. मी मुदत मागितली. म्हणाले, टेबल पुन्हा गेलं तर या वेळी परत मिळणार नाही, मला विचार करू द्या. पुढच्या भेटीला ठरवू, ती म्हणाली. ती पुढची भेट आज सकाळी होती. विचार मी करत होते आणि दरम्यान नवऱ्याने ठरवून टाकलं होतं.

“आधी सांगितलं असतं तर तू पडली असतीस,” तो म्हणाला. “माहीत असलं की माणूस पडतोच. म्हणून तर तुला कळू दिलं नाही.” त्याचा आवाज समजूतदार होता. तो लिफ्टची तपासणी करतो. लोकांच्या इमारतींत जाऊन दोर, ब्रेक, दारं तपासतो आणि सही करतो. दोर धरतो असं लिफ्टच्या मालकाने सांगून त्याला चालत नाही, सोडून बघावं लागतं. त्याच्या डोक्यात जगातल्या सगळ्या गोष्टी अशा टांगलेल्या आहेत आणि त्यांतल्या काही विनाकारण दुहेरी दोराने टांगलेल्या आहेत. “आणि बघ, काही झालं का तुला? माझ्या साहेबांच्या निरोपाला वीस माणसं जेवली आपल्याकडे. किती हसवलंस सगळ्यांना. तेव्हा बाटलीत पाणी होतं.” त्याने दुसरा टोस्ट माझ्या ताटलीत ठेवला. मी त्याला फेकून मारला नाही. तो खाल्ला. खाताना माझ्या मनात राग नव्हता, हे मला आता सगळ्यात जास्त झोंबतं. मनात भीती होती. खरंच असेल तर? इतकी वर्षं मी पाण्यावर उभी असेन तर? आईचं कुजबुजणं, नणंदेचं ‘मन रमव म्हणजे बरं वाटेल’, लॅबच्या ऑफिसातल्या एका बाईचं पहाटे उठून धावायला सांगणं, हे सगळे बरोबर आणि मीच एक खोटी, असं असेल तर? त्या एका टोस्टभर मी माझ्याविरुद्ध त्या सगळ्यांच्या बाजूला जाऊन बसले होते.

मग मी कपडे बदलायला गेले आणि पलंगाच्या कडेवर बसून आठवू लागले. निरोपाचं जेवण. हो, हसवलं. मी शीळवाल्या आजोबांची गोष्ट सांगितली, नेहमीची. ते आमचे जुने गिऱ्हाईक. त्यांच्या खऱ्या दातांत पुढे फट होती आणि ते तिच्यातून शीळ घालायचे. पहिली कवळी मी त्यांना सरळ, देखणी बनवून दिली, तर दुसऱ्या दिवशी ती हातात घेऊन हजर. म्हणाले, बाई, दात छान आहेत, पण माझा कुत्रा आता माझ्याकडे येत नाही. मी फट ठेवून नवी बनवली आणि त्यांनी लॅबमध्ये उभं राहून शीळ घालून दाखवली. या जागी सगळे हसतात. नवरा सगळ्यात जास्त हसतो, ही गोष्ट त्याने पन्नासदा ऐकलेली असून. त्या संध्याकाळी तो माझ्याकडे बघत होता आणि मनात खूण करत होता, हे मला आता कळतं. मला वाटलं होतं, त्याला माझा अभिमान वाटतो आहे. पण त्यानंतरचे दिवस? मला जरा जास्त काम आहे असं सांगून मी लॅबमध्येच उशिरापर्यंत थांबत होते. काम नव्हतं. भट्टीच्या मागे प्लॅस्टरच्या गोण्या रचलेल्या असतात, त्यांच्यावर मी पडून होते, कोट डोक्यावरून ओढून. पाठीला गोण्यांच्या शिवणी रुतत होत्या आणि कूस बदलण्याइतकंही बळ नव्हतं. शेजारच्या टेबलावरची मैत्रीण मालकांना सांगायची, ती खाली सामान आणायला गेली आहे. मग मी तोंड धुवायचे, लिपस्टिक लावायचे आणि ठणठणीत होऊन घरी जायचे.

हे मी का करते, असं कुणीही विचारेल. आजाराच्या पहिल्या वर्षी मी घरी पडून असायचे आणि नवरा संध्याकाळी दार उघडायचा. दार उघडल्यावर त्याची नजर आधी कोचाकडे जायची. मी कोचावर दिसले की त्याचा चेहरा पडायचा. तो काही बोलायचा नाही, कधीच बोलला नाही. बूट काढायचा, हात धुवायचा, ‘कसं आहे आज?’ असं विचारायचा. पण चेहरा पडायचा तो पडायचाच. रोज संध्याकाळी एका माणसाचा चेहरा आपल्यामुळे पडताना बघणं हे दुखण्यापेक्षा वाईट असतं. तेव्हा मी आजारपण बाहेरच उरकून यायला शिकले. लॅबमध्ये, बस थांब्याच्या बाकावर, घरात असले तर न्हाणीघरात फरशीवर बसून, नळ सोडून ठेवून, म्हणजे वाटावं की आंघोळ चालली आहे. एवढ्या वर्षांत मी इतकी तयार झाले, की नवऱ्याला फक्त उभी असलेली बाई दिसते. आणि हा गृहस्थ त्या उभ्या बाईकडे बघून निकाल लावून बसला. मी त्याच्यासाठी जे झाकलं, त्याचाच त्याने माझ्याविरुद्ध पुरावा केला. इथे आली सणक. पायापासून आली. बटण लावताना ते तुटून माझ्या हातात राहिलं.

आणि मग ती कवळी आठवली. शीळवाल्या आजोबांची जुनी कवळी पडून तुटली होती, त्यांना नवी हवी होती. जेवणानंतरच्याच कुठल्यातरी दिवसांत मी ती बनवली. मालकांनी ती आठवड्याने माझ्या टेबलावर परत आणून ठेवली. दात सरळ होते, गुळगुळीत, एकमेकांना चिकटून. मी फट ठेवायला विसरले होते. ज्या माणसाची गोष्ट वीस जणांना सांगून मी टाळ्या घेतल्या, त्याच माणसाचे दात माझ्या हातांनी फट बुजवून बनवले. मी त्या वेळी दिव्याला दोष दिला, वयाला दिला. रडूही आलं नाही, इतकी भीती वाटली होती. आता सांगा, ते पाण्यामुळे झालं? की औषधाचा जोर तसाही संपत आला होता म्हणून? की तो एक वाईट दिवस होता आणि वाईट दिवस औषध असतानाही येतात? मला सांगता येत नाही. डॉक्टरणीलाही येणार नाही. मी स्वतः, डोळे उघडे ठेवून औषध थांबवलं असतं तर मला कळलं असतं. मी रोज सकाळी स्वतःला विचारलं असतं, हाताला विचारलं असतं, डोळ्यांना विचारलं असतं. माझ्या आजाराला सगळ्या दुनियेत एकच साक्षीदार आहे, माझं अंग. नवऱ्याने तोच साक्षीदार फोडला, आणि फोडून वर मला विचारतो की तुला काही झालं का. आता ते दिवस परत आणून तपासायचे कसे? खरं काय ते कधीच कुणाला कळणार नाही, आणि ही माती ज्याने केली तो बाहेर कोचावर बसून बूट पुसत होता आणि कुठलंतरी गाणं गुणगुणत होता.

बसमध्ये त्याने मला खिडकीची जागा दिली. मी बाहेर पाहत बसले. डोक्याचं औषध घेणाऱ्या बाईला रागावण्याची सोय नसते, याचा मी विचार करत होते. दुसरी कुणी ओरडली तर ती रागावली असं म्हणतात. मी ओरडले तर मात्रा तपासतात. म्हणजे मी आता ओरडले तर नवरा हळूच डॉक्टरणीला सांगेल, औषध बंद केल्यावर चिडचिड वाढली आहे हं थोडी. आणि नाही ओरडले तर बघा, किती शांत आहे. काहीही केलं तरी त्याचंच खरं ठरत होतं. शिवाय मी तयार होऊन निघाले होते, डॉक्टरांकडे जाताना होते तशी. यातही माझा वर्षानुवर्षांचा अभ्यास आहे. फार नीटनेटकं गेलं तर यांना काय धाड भरली आहे असं वाटतं. विस्कटलेलं गेलं तर ही तर मनाने खचली आहे असं वाटतं. तेव्हा इस्त्रीचे कपडे पण दागिने नाहीत, लिपस्टिक पण फिकी, ताठ बसायचं पण फार नाही. आज बाहीचं बटण तुटलं होतं, तेवढंच काय ते खरं होतं माझ्या अंगावर. नवऱ्याने मध्येच माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाला की आता बाटलीची कटकट गेली, आपण रविवारी कुठे फिरायलाही जाऊ शकू. मी हात काढला नाही. त्याचा हात किती जड आहे ते मोजत राहिले.

दवाखाना वरच्या मजल्यावर आहे. लिफ्टमध्ये आम्ही दोघंच होतो. सवयीप्रमाणे तो दाराशेजारचं तपासणीचं प्रमाणपत्र वाचू लागला. कुणाची सही आहे ते बघून त्याने ओठ मुडपले, म्हणजे सही करणारा त्याला पसंत नव्हता.

“तू दोर तपासतोस तेव्हा बाहेर पाटी लावतोस ना?” मी विचारलं.

“लावावीच लागते. का?”

“काय लिहिलेलं असतं?”

“चाचणी सुरू आहे, लिफ्ट वापरू नये.” तो अजून प्रमाणपत्रच वाचत होता.

“आणि आत काय ठेवतोस?”

“वजनं. लोखंडाची.”

“आत माणूस असताना कधी सोडली आहेस?”

तो हसला, कामातलं काही न कळणाऱ्या माणसाच्या प्रश्नाला हसतात तसा. “असं कसं करेन?” तो म्हणाला, आणि म्हणता म्हणता त्याची नजर प्रमाणपत्रावरून सुटली.

“मी आत होते,” मी म्हणाले.

लिफ्ट थांबली. दार उघडायला जरा वेळ घेते ती, तेवढा वेळ आम्ही दोघं दाराकडे बघत उभे होतो. मला वाटलं, आता त्याला कळलं असेल. एवढं सोपं करून, त्याच्याच भाषेत सांगितलं होतं. दार उघडलं तेव्हा तो बाजूला झाला, मला आधी जाऊ दिलं, आणि मागून हलक्या आवाजात म्हणाला, “अगं, पण पडली नाहीस ना.”

डॉक्टरणीच्या खोलीत त्यानेच सगळं सांगितलं. मी त्याला अडवलं नाही. रविवार, साखर, वीस माणसांचं जेवण, सगळं क्रमाने, एकही कोपरा न सोडता. तो वाईट माणूस नाही. तो माझ्या वाईटावर असता तर मला किती सोपं गेलं असतं. त्याने मला एका आजारातून सोडवलं आहे असं त्याला मनापासून वाटत होतं आणि बोलताना त्याचे डोळे किंचित ओले झाले होते. डॉक्टरणीचं पेन थांबलं. “हे असं न सांगता करायला नको होतं,” ती म्हणाली. तेवढंच म्हणाली, आणि ज्या आवाजात म्हणाली त्या आवाजात लोक शेजाऱ्याला त्याची गाडी आडवी लागली आहे म्हणून सांगतात. मग तिचं कुतूहल जागं झालं. मला ते दिसलं, तिच्या खुर्चीच्या पुढे सरकण्यात. तिने माझ्याकडे पाहिलं, इस्त्रीच्या कपड्यांकडे, फिक्या लिपस्टिककडे. “आणि तुम्हाला? या काळात काही फरक जाणवला?”

दोघं माझ्याकडे बघत होते. हो म्हटलं तर नवरा म्हणणार, आता कळल्यावर जाणवला होय. नाही म्हटलं तर बाटली गेली, टेबल गेलं, इतक्या वर्षांची मी गेले. आणि त्या खुर्चीत बसून, ताठ बसून, मी जे काही बोलणार होते ते माझ्याच पाठीच्या कण्याने खोटं पाडलं असतं. तो ताठ ठेवायची मला काय किंमत पडत होती ते त्या खोलीत फक्त मला माहीत होतं. मांड्या थरथरत होत्या, टेबलाच्या आड. उजेड वाजत होता. मी वर्षानुवर्षं प्रत्येक डॉक्टरसमोर अशीच बसले होते, आणि प्रत्येक वेळी घरी गेल्यावर, परवा, त्याची फेड केली होती, जिथे कुणी बघत नाही तिथे. मला माझाच इतका संताप आला, आणि या दोघांचा, आणि त्या खुर्चीचा, की तो राग कुठेतरी ठेवायलाच हवा होता. मी उठले. नवऱ्याला वाटलं, मी निघाले. त्याने पाय आखडून मला वाट करून दिली. मी पर्स खुर्चीवर ठेवली, चपला काढल्या आणि डॉक्टरणीच्या टेबलासमोर फरशीवर आडवी झाले.

“चक्कर आली का?” डॉक्टरीण उठून उभी राहिली.

“नाही,” मी म्हणाले. “मी आडवी झाले आहे. बोला तुम्ही, मला इथून ऐकू येतं. मी रोज अशीच असते, हा बघत नसतो तेव्हा.”

फरशी थंड होती आणि बरी वाटत होती. खालून टेबलाची आतली बाजू दिसत होती, रंग न दिलेलं लाकूड, एका कोपऱ्यात सुताराने पेन्सिलने मारलेली खूण. नवऱ्याचे पुसलेले बूट दिसत होते. ते हलत नव्हते. मी वर न बघता बोलू लागले, आणि ओरडले नाही, कारण ओरडायला जी ताकद लागते ती मी बसून राहण्यात खर्च केली होती. न्हाणीघरातली फरशी सांगितली, बस थांब्याचं बाक सांगितलं, गोण्यांच्या शिवणी सांगितल्या. फरक पाण्याचा होता की नाही, मला माहीत नाही, मी म्हणाले, आणि आता तुम्हालाही कळणार नाही, ते याने नासवून टाकलं. औषध पुन्हा सुरू करायचं. पुढे कधी थांबवून बघायचं ठरलं तर मला सांगून, माझ्या देखत, मी म्हणेन तेव्हा. आणि बाटली मी भरीन.

डॉक्टरीण टेबलाला वळसा घालून आली आणि माझ्याजवळ खाली बसली. तिने माझी नाडी धरली. ती वर खुर्चीत परत गेली नाही.

“तू मला कधी सांगितलं नाहीस,” नवरा म्हणाला. त्याचा आवाज अजून भांडत होता.

“शीळवाल्या आजोबांची नवी कवळी मी बनवली,” मी म्हणाले. “तुझ्या साहेबांच्या जेवणानंतर. फट ठेवायला विसरले.”

ही गोष्ट त्याने पन्नासदा ऐकली होती. तिच्यातलं काय विसरण्यासारखं नाही, हे त्या खोलीत फक्त त्याला कळण्यासारखं होतं. बूट तसेच राहिले, मग गुडघे दिसले, मग तो पूर्ण खाली आला, फरशीवर, माझ्या पायांशी. त्याचा चेहरा पडला होता. तोच, दार उघडल्यावर पडायचा तो. इतकी वर्षं मी ज्याच्यापासून पळत होते तो चेहरा माझ्यासमोर होता आणि मी पडल्या पडल्या त्याच्याकडे नीट बघून घेतलं. मला त्याची कीव आली नाही. पुढे कधी येईलही, पण आज नाही आली. त्याने मला उठवायला हात पुढे केला. मी तो धरला नाही. मला अजून उठायचं नव्हतं.